ओझी स्मिथ की डेरेक जीटर : शॉर्टस्टॉपला कोणाला उभं कराल?

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आमच्या सॉफ्टबॉलच्या टीममध्ये आठवीतली एक मुलगी शॉर्टस्टॉप या फिल्डिंगच्या जागी उभी राहायला लागली. हात चपळ, पाय त्याहून चपळ, बॅटिंग मात्र बेताची. आठवडाभराने तिने विचारलं, "ताई, मोबाइलवर कोणाचे व्हिडिओ बघू? बाबा म्हणतात डेरेक जीटर बघ." तिचे बाबा काही वर्षं न्यू जर्सीत नोकरीला होते. येताना न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमची निळी टोपी घेऊन आले आणि जीटरवरचं प्रेमही. मी तिला म्हटलं, जीटर बघच, पण आधी ओझी स्मिथ बघ. दोघेही अमेरिकन बेसबॉलमधले नावाजलेले शॉर्टस्टॉप. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "ताई, जीटरचे २६० होमरन आहेत. ओझी स्मिथचे २८. मग?"

प्रश्न रास्त होता. होमरन म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपल्या सिक्ससारखा. फोनवर दहा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. शाळेच्या टीममध्ये शॉर्टस्टॉप निवडणाऱ्या कोचलाही हाच प्रश्न पडतो, आणि मित्रांमध्ये बसून आजवरची सर्वोत्तम टीम मांडणाऱ्यालाही. चांगला मारणारा घ्यायचा की चांगला अडवणारा? या दोघांइतकी स्वच्छ तुलना दुसऱ्या कुठल्या जोडीची होईल असं मला वाटत नाही. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत आहेत. ओझी स्मिथ २००२ साली ९१.७ टक्के मतं घेऊन गेला. जीटरला २०२० साली ३९७ पैकी ३९६ मतं पडली.

आधी जागा समजून घेऊ

बॅटरने तिन्ही बेस ओलांडून परत होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, यायचं की एक रन. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो. बाकीच्या तिघा इनफिल्डरांना सांभाळायला आपापला बेस असतो, याला नसतो. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे, आणि त्यांनी ओढून मारलेला चेंडू जमिनीवरून याच पट्ट्यात येतो. तो अडवायचा, ग्लोव्हमधून उजव्या हातात घ्यायचा आणि मैदान आडवं पार करून पहिल्या बेसवर फेकायचा, तेही बॅटर ९० फूट पळायच्या आत. चांगल्या पळणाऱ्याला सव्वाचार सेकंद लागतात, फारच वेगवान असेल तर चारच्याही आत. आमच्या सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे वेळ त्याहून कमी.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कव्हरला चेंडू हातातून निसटला तर एक-दोन रन जातात, बॅट्समन तिथेच असतो. शॉर्टस्टॉपला जमिनीवरून आलेला प्रत्येक चेंडू म्हणजे कॅचची संधी आहे. अडवला तर आऊट, नाही अडवला तर बॅटर बेसवर जाऊन उभा. नऊ इनिंगच्या मॅचमध्ये एका बाजूला २७ आऊट मिळवायचे असतात. त्यातले तीन-चार एकट्या शॉर्टस्टॉपच्या फेकीवर अवलंबून असतात.

बॅट हातात घेतल्यावर

इथे जीटर पुढे आहे आणि बराच पुढे आहे. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

१९९५ ते २०१४ असे वीस सीझन तो न्यूयॉर्क यांकीजकडूनच खेळला. ३,४६५ हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारे फटके. इतिहासात त्याच्या वर पाचच जण आहेत, आणि शॉर्टस्टॉपला आयुष्य घालवलेल्यांत त्याच्या वर कोणीच नाही. सरासरी ०.३१०, म्हणजे बॅटिंगच्या हजार संधींत ३१० हिट. १९९९ साली ०.३४९ सरासरी, २१९ हिट आणि २४ होमरन. आठ सीझनमध्ये त्याने दोनशेच्या वर हिट मारले. तीन हजारावा हिट ९ जुलै २०११ रोजी होमरन मारून पूर्ण केला, आणि त्या दिवशी पाचपैकी पाच हिट मारले.

त्याचा फटका बघण्यासारखा होता. अंगावर आत येणाऱ्या चेंडूला बहुतेक उजवे बॅटर डावीकडे ओढतात. जीटर दोन्ही हात शरीराजवळून पुढे काढायचा, बॅटचं टोक मागेच ठेवायचा आणि तोच चेंडू उजवीकडे, पहिल्या बेसमनच्या डोक्यावरून टाकायचा. चेंडूला जास्तीत जास्त उशिरापर्यंत बघायची मुभा त्याला यातून मिळत असे. आमच्या मुलींना मी हा फटका जरूर दाखवते.

ओझी स्मिथ १९७८ ते १९९६ खेळला. पहिली चार वर्षं सॅन डिएगो पाद्रेजकडे, नंतर शेवटपर्यंत सेंट लुईस कार्डिनल्सकडे. २,४६० हिट, सरासरी ०.२६२. सुरुवात तर फारच वाईट होती. १९७९ साली सरासरी ०.२११. वजन दीडशे पौंडांच्या आसपास. चेंडू उंच मारला की आऊटफिल्डमध्ये आरामात झेलला जायचा.

१९८२ मध्ये तो सेंट लुईसला आला तेव्हा मॅनेजर व्हायटी हर्झॉगने त्याच्याशी पैज लावली. तू चेंडू हवेत उचललास की मला एक डॉलर द्यायचा, जमिनीवर ठेवलास की मी तुला एक डॉलर देणार. सीझन संपेपर्यंत ओझीने जवळजवळ तीनशे डॉलर जिंकले होते. कोचिंग म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. हर्झॉगने त्याला जोर वाढव असं सांगितलं नाही. तुझ्याकडे पाय आहेत, चेंडू खाली ठेव आणि पळ, एवढंच सांगितलं.

हळूहळू तो खरोखर कामाचा बॅटर झाला. १९८७ साली सरासरी ०.३०३, चाळीस डबल (थेट दुसऱ्या बेसवर नेणारे फटके), ४३ चोरलेले बेस (फटका नसताना पळून गाठलेले), त्याच्या बॅटिंगवर ७५ रन निघाले, आणि एकही होमरन नाही. मोठ्या लीगचे दोन भाग असतात, नॅशनल आणि अमेरिकन. त्या वर्षी नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला, आंद्रे डॉसनच्या मागे. जीटरही २००६ साली अमेरिकन लीगमध्ये असाच दुसरा आला होता. तो किताब दोघांपैकी कोणालाच कधी मिळाला नाही.

आकडे शेजारी शेजारी ठेवले की काही गोष्टी अनपेक्षित दिसतात. वॉक घ्या, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस : जीटर १,०८२, ओझी १,०७२. जवळजवळ सारखेच, आणि ओझीला बॅटिंगच्या संधीही कमी मिळाल्या होत्या. आता स्ट्राइकआऊट घ्या, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होणं : जीटर १,८४०, ओझी ५८९. ओझी जितक्या वेळा स्ट्राइकआऊट झाला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळा त्याने वॉक मिळवला. बेस चोरण्यातही तोच पुढे, ५८० विरुद्ध ३५८, आणि यशाचं प्रमाण दोघांचं ऐंशी टक्क्यांच्या जवळपास. कुठल्याही मार्गाने बेसवर पोचण्याचं प्रमाण जीटरचं ०.३७७, ओझीचं ०.३३७. म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला आल्यावर फरक फक्त चार वेळांचा.

खरी दरी फटक्याच्या ताकदीत आहे. फटक्यांवर सरासरी किती बेस मिळाले ते सांगणारं स्लगिंग जीटरचं ०.४४०, ओझीचं ०.३२८. काळ आणि मैदान यांचा हिशोब करून सरासरी बॅटरला १०० धरणारा एक आकडा असतो. त्यात जीटर ११५ आणि ओझी ८७. म्हणजे एक सरासरीपेक्षा स्पष्ट वर, एक स्पष्ट खाली. मुलीच्या बाबांचं म्हणणं इथपर्यंत पूर्ण बरोबर आहे.

ग्लोव्ह घातल्यावर

एक प्रसंग सांगते. २० एप्रिल १९७८, सॅन डिएगो. ओझीला मोठ्या लीगमध्ये येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. अटलांटाच्या जेफ बरोजने जोरात मारलेला चेंडू पिचरच्या बाजूने थेट दुसऱ्या बेसमागे निघाला. ओझी डावीकडे पळाला आणि त्याने अंग झोकून दिलं, ग्लोव्हचा डावा हात पुढे. तो हवेत असतानाच चेंडूने विचित्र उसळी घेतली आणि ग्लोव्हला चुकवून त्याच्या मागच्या बाजूला उडाला. त्याने उजवा हात, उघडा हात, मागे नेला आणि चेंडू पकडला. मग जमिनीवर आपटला, उसळून उभा राहिला आणि पहिल्या बेसवर फेकला. बरोज आऊट.

मी हा व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. दर वेळी माझं लक्ष हातापेक्षा आपटल्यानंतरच्या पायांकडे जातं. तो पडतानाच उठायच्या तयारीत आहे. पोटावर आपटून घसरत जाणारा खेळाडू चेंडू पकडतो, पण फेकायला उशीर करतो. ओझीचं पडणं आणि उठणं ही एकच हालचाल आहे. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात वाढताना तो घरासमोरच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर चेंडू आपटायचा आणि परत येणारा पकडायचा. प्रत्येक फेकीला एक पाऊल पुढे, म्हणजे प्रत्येक वेळी वेळ थोडा कमी. ती सवय त्या उघड्या हातात दिसते.

आता आकडे. आधी असा एक आकडा घेते ज्याने खूप लोक फसतात. हाताशी आलेले चेंडू किती टक्के निर्दोष हाताळले, याला फिल्डिंग टक्केवारी म्हणतात. ओझीची ०.९७८. जीटरची ०.९७६. हजारात दोन चेंडूंचा फरक! एवढंच बघितलं तर दोघे सारखेच म्हणावे लागतील, आणि मग बॅट बघून जीटर घ्यावा हेच बरोबर ठरेल.

पण ज्या चेंडूपर्यंत तुम्ही पोचलातच नाही तो या टक्केवारीत मोजला जात नाही. तो बाजूने निघून गेला तर बॅटरचा हिट धरतात, तुमची चूक धरत नाहीत. मंद शॉर्टस्टॉपच्या वहीत चुका कमी दिसू शकतात, कारण अवघड चेंडूला त्याचा हात लागलेलाच नसतो. शाळेच्या स्पर्धांमध्ये मी हे दरवर्षी बघते. जी मुलगी झेपावून चेंडूला हात लावते आणि तो निसटतो, तिला ओरडा बसतो. जी जागेवर उभी राहून चेंडू जाऊ देते, तिला कोणी काही म्हणत नाही.

म्हणून असिस्ट बघायचे, म्हणजे आपल्या फेकीतून मिळालेले आऊट. ओझीचे शॉर्टस्टॉप म्हणून ८,३७५, २,५११ मॅचमध्ये. त्या जागेवरचा हा विक्रम आहे. जीटरचे ६,६०० च्या आसपास, २,६७४ मॅचमध्ये. एका मॅचमागे ओझीचे ३.३, जीटरचे अडीचच्या आत. दीडशे मॅचच्या सीझनमध्ये हा फरक सव्वाशेच्या पुढे जातो. १९८० साली तर ओझीने एका सीझनमध्ये ६२१ असिस्ट केले. तोही विक्रम.

जीटरवर अन्याय नको म्हणून वजाबाकी करू. त्याच्या काळात बॅटर जास्त स्ट्राइकआऊट व्हायला लागले होते. ओझीच्या ऐन काळात एका टीमचे मॅचमागे पाच-साडेपाच स्ट्राइकआऊट होत, जीटरच्या बहुतेक वर्षांत सहा-साडेसहा, शेवटी शेवटी सातच्याही वर. म्हणजे मैदानात येणारे चेंडूच कमी. पण ते कमी झालेले चेंडू सगळ्या फिल्डरांत वाटले जातात. एकट्या शॉर्टस्टॉपच्या वाट्याचा तोटा मॅचमागे फार तर पाव असिस्ट. पिचर कसे होते, समोरचे बॅटर किती डावे होते, यासाठी आणखी थोडं सोडू. तरी अर्धा असिस्ट शिल्लक राहतोच. दोन मॅचमध्ये एक आऊट जास्त, आणि तोही जवळजवळ वीस वर्षं.

हा हिशोब रनमध्ये मांडणाऱ्या अभ्यासकांचं उत्तरही तेच आहे. सरासरी शॉर्टस्टॉपच्या तुलनेत ओझीने कारकिर्दीत सुमारे २४० रन वाचवले. जीटरच्या खात्यात दोनशेहून जास्त रन वजा. जुन्या काळची नोंद आजच्याइतकी बारीक नव्हती, त्यामुळे हे अंदाज थोडे इकडेतिकडे होतील. पण दरी एवढी मोठी आहे की ती बुजणार नाही. बॅटिंगमध्ये जीटर चारशेहून जास्त रन पुढे, फिल्डिंगमध्ये ओझी चारशेहून जास्त रन पुढे. सगळं एकत्र करून खेळाडूने टीमला किती विजय मिळवून दिले असा जो आकडा काढतात, त्यात ओझी ७७ च्या जवळ आणि जीटर ७१ च्या थोडा वर. २८ होमरनवाला २६० होमरनवाल्याच्या पुढे!

मग जीटरला पाच गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे आपापल्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डरला मिळणारे पुरस्कार, कसे मिळाले? ओझीला १९८० ते १९९२ सलग तेरा मिळाले, आणि शॉर्टस्टॉपमध्ये तो विक्रम आजही त्याचाच आहे. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. जीटरच्या पाचांबद्दल मात्र अजून भांडणं होतात. त्या काळी मॅनेजर आणि कोच मतं देत, आणि त्यांना दिसायचं ते खरंच सुंदर होतं. २०१० साली त्याने पूर्ण सीझनमध्ये सहाच चुका केल्या. उजवीकडे खोल जाऊन चेंडू उचलायचा, हवेत उडी मारायची आणि उडीतच अंग वळवून पहिल्या बेसवर फेकायचा, ही त्याची खास फेक. सव्वासहा फुटांचा माणूस हवेत तसा लटकलेला दिसला की स्टेडियम उभं राहायचं. मागे धावत जाऊन उंच उडालेला चेंडू झेलण्यातही तो उत्तम होता. कमी पडायचा ते डावीकडे, दुसऱ्या बेसच्या दिशेने. पहिलं पाऊल उशिरा पडायचं. आणि उशिरा पडलेलं पाऊल टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा तेव्हा बॅटरवर असतो.

आपल्याकडे एकनाथ सोलकर होता. २७ कसोटींत ५३ कॅच, बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट नसताना. बॅटिंगची सरासरी पंचविशीतली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट यांनी घेतलेल्या विकेटमागे त्याचे हात किती होते हे त्या पिढीला माहीत आहे. ओझीचं मोल कळायला मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला नाही.

हा निर्णय दोन टीमनी खरोखर घेतला

१९८१-८२ च्या हिवाळ्यात सेंट लुईसकडे गॅरी टेंपलटन नावाचा शॉर्टस्टॉप होता. सरासरी ०.३०० च्या वर. १९७९ साली त्याने डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही हातांनी प्रत्येकी शंभर हिट मारले होते. हर्झॉगने तो सॅन डिएगोला दिला आणि बदल्यात ०.२२२ वर सीझन संपवलेला ओझी घेतला. बॅटिंगपुरतं बघितलं तर सरळ तोट्याचा सौदा.

पण हर्झॉग आपलं मैदान ओळखून होता. बुश स्टेडियम मोठं, होमरन जायला अवघड. वर कृत्रिम गवत, त्यावर चेंडू सटासट निघायचा आणि हळू शॉर्टस्टॉपला वळायलाही वेळ मिळायचा नाही. अशा जागी अडवणाऱ्याची किंमत वाढते आणि उंच मारणाऱ्याची घटते. १९८२ साली त्या कार्डिनल्सनी पूर्ण सीझनमध्ये फक्त ६७ होमरन मारले, सगळ्या टीममध्ये सर्वांत कमी. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या अंतिम लढतीत, समोर मिलवॉकी ब्रुअर्स, त्यांचे २१६. सात मॅचनंतर सिरीज कार्डिनल्सनी जिंकली.

उलट निर्णय २००४ साली न्यूयॉर्कने घेतला. यांकीजनी टेक्सासकडून अलेक्स रॉड्रिगेझला आणलं. शॉर्टस्टॉप म्हणून आधीच्या दोन्ही वर्षी गोल्ड ग्लोव्ह त्याच्याकडे. तरी तो तिसऱ्या बेसवर गेला आणि कॅप्टन जीटर शॉर्टस्टॉपलाच राहिला. दोघांच्या बॅट टीममध्ये राहणारच होत्या, प्रश्न फक्त कोण कुठे उभा राहणार एवढाच होता. मला विचाराल तर फिल्डिंगच्या दृष्टीने ते चूक होतं, आणि मी त्यांची कोच असते तर अदलाबदल केली असती. २००९ साली त्यांनी त्याच रचनेत वर्ल्ड सिरीज जिंकली, हेही खरं. बाकीची टीम भरभक्कम असेल तर शॉर्टस्टॉपची उणीव झाकली जाते. शाळेच्या टीमला ती चैन परवडत नाही.

ऑक्टोबरच्या मॅच

इथे जीटरला पूर्ण मान द्यायला हवा. सीझननंतर ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, १५८ मॅच, म्हणजे जवळजवळ एक अख्खा सीझन, बरोबर २०० हिट, सरासरी ०.३०८. पाच वर्ल्ड सिरीज. ओझीला ऑक्टोबरच्या ४२ च मॅच मिळाल्या.

आणि गंमत बघा, दोघांचा ऑक्टोबरमधला सर्वांत गाजलेला क्षण आपल्या कच्च्या बाजूचा आहे. ओझीचा बॅटिंगचा : १४ ऑक्टोबर १९८५, डॉजर्सविरुद्ध पाचवी मॅच, २-२ बरोबरी, नववी इनिंग. ओझी दोन्ही हातांनी बॅटिंग करायचा. डाव्या हाताने बॅटिंग करताना मोठ्या लीगमध्ये त्याने तोवर तीन हजारांहून जास्त वेळा बॅट चालवली होती आणि एकही होमरन आला नव्हता. टॉम नीडनफ्यूअरचा चेंडू त्याने उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे टाकला आणि मॅच तिथेच संपली.

जीटरचा फिल्डिंगचा : १३ ऑक्टोबर २००१, ओकलंड. यांकीज सिरीजमध्ये ०-२ मागे, मॅचमध्ये १-० पुढे, सातवी इनिंग. टेरेन्स लाँगचा फटका उजव्या कोपऱ्यात गेला. शेन स्पेन्सरची फेक मध्ये उभ्या दोघांच्याही डोक्यावरून गेली आणि जेरेमी जिआंबी पहिल्या बेसवरून निघून रन काढायला होम प्लेटकडे येत होता. शॉर्टस्टॉप तिथे सहसा दिसत नाही. जीटर पूर्ण मैदान ओलांडून पहिल्या बेसच्या रेषेपाशी आला, पळता पळता चेंडू उचलला आणि उलट्या हाताने कॅचर होर्हे पोसाडाकडे ढकलला. पोसाडाने जिआंबीच्या पायाला टॅग लावला, म्हणजे चेंडूसह ग्लोव्ह टेकवून त्याला आऊट केलं. मॅच १-० अशीच संपली आणि पुढे सिरीजही यांकीजनी काढली. डावीकडे पहिलं पाऊल उशिरा टाकणारा हाच माणूस. चेंडू कुठे लागणार आहे हे मात्र त्याने मैदानावरच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं. माझ्या मुलींनी जीटरकडून हे घ्यावं, उडी मारून केलेली फेक नंतर.

मग कोणाला घ्यायचं?

तुमच्या पिचरकडे बघा. समोरच्याला स्ट्राइकआऊट करणारे पिचर असतील, चेंडू मैदानात कमीच येत असेल, तर शॉर्टस्टॉपला बॅटर उभा करून चालतं, म्हणजे जीटर घ्या. पिचर चेंडू खाली ठेवून जमिनीवर मारायला लावणारे असतील तर ओझीशिवाय दुसरा विचार करू नका. शालेय सॉफ्टबॉलमध्ये जवळजवळ सगळा खेळ जमिनीवरून चालतो. मैदान खडबडीत, चेंडू कसाही उसळतो. तिथे पाय आधी आणि बॅट नंतर.

एकाच मॅचसाठी, आणि तीही निर्णायक, एकाला निवडायचं असेल तर मन जीटरकडे जातं आणि त्यात काही गैर नाही. एका मॅचमध्ये शॉर्टस्टॉपकडे अवघड चेंडू येईल किंवा येणारही नाही, बॅटिंग मात्र चार वेळा नक्की येणार. पण अख्ख्या सीझनसाठी मी ओझी घेईन. ज्याचं स्वतःचं मैदान छोटं आहे आणि रन सहज होतात, त्याने माझं ऐकायलाच हवं असं नाही.

आणि मूल तेरा-चौदा वर्षांचं असेल तर पहिला ओझी. फटक्याची ताकद अंग भरल्यावर येते, तेव्हा जीटरचे हात बघता येतील. पहिलं पाऊल, गुडघ्यांचा वाक, पडतानाच उठण्याची तयारी, हे याच वयात अंगात मुरतं. शिवाय ओझीचा सराव फुकटात होतो. पायऱ्या हव्यात आणि एक टेनिस बॉल.

आमच्या शाळेच्या स्टेजला सहा पायऱ्या आहेत. जुलैपासून ती मुलगी शाळा सुटल्यावर तिथे रोज पन्नास फेकी करते. वीस फुटांवरून सुरुवात केली होती. दहापैकी नऊ पकडले की एक पाऊल पुढे, असा नियम तिनेच ठरवलाय. गेल्या शनिवारी ती बारा फुटांवर होती. बाबा निळी टोपी घालून बाजूला उभे होते आणि मोठ्याने मोजत होते.